घरी ऐकावे, वर्गात सोडवावे

रात्री नऊच्या सुमारास दुकानाचे शटर ओढून वडील घरी परततात, तेव्हा आठवीतील मुलगा गणिताच्या वहीपुढे खिन्न होऊन बसलेला असतो. शाळेत त्याला सारे समजले होते. फळ्यावरील उदाहरण उतरवून घेताना कोठेही अडले नव्हते. अडले ते घरी, स्वतः दुसरे उदाहरण मांडायला घेतले तेव्हा. आणि ज्यांना विचारावे त्या बाई त्या वेळी जवळ नसतात. व्यापारी कुटुंबांतून यावर बहुधा एकच उपाय योजला जातो : शिकवणी लावणे. शिकवणीतही पुन्हा ऐकण्याचेच काम अधिक होते, हा भाग वेगळा.

दोष मुलाचा नाही, वेळेच्या वाटपाचा आहे. ऐकून घेण्याचे सोपे काम शिक्षकांसमक्ष होते आणि सोडविण्याचे अवघड काम मुलाने एकट्याने करावयाचे असते. हे वाटप उलटे केले, तर त्याला ‘फ्लिप्ड क्लासरूम’ म्हणतात.

या नावाचा बोलबाला झाला तो अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यातल्या वुडलँड पार्क या लहानशा डोंगरी गावातील शाळेमुळे. तेथे जोनाथन बर्गमन आणि आरन सॅम्स हे रसायनशास्त्राचे शिक्षक होते. सामन्यांसाठी दूरच्या गावी जाणाऱ्या विद्यार्थ्यांचे तास बुडत, म्हणून २००७ मध्ये त्यांनी आपले पाठ ध्वनिचित्रित करण्यास आरंभ केला. पुढे त्यांच्या ध्यानात आले, की विद्यार्थ्याला शिक्षकाची खरी गरज व्याख्यानाच्या वेळी नसते, तो अडतो तेव्हा असते. मग व्याख्यान घरी गेले आणि अभ्यास वर्गात आला. २०१२ मध्ये त्यांचे या विषयावरील पुस्तक प्रसिद्ध झाले. कल्पना मात्र त्यांच्याही आधीची आहे. हार्वर्ड विद्यापीठातील भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मझूर १९९० च्या दशकातच विद्यार्थ्यांना आधी वाचून यावयास सांगत आणि वर्गात एकमेकांशी चर्चा करावयास लावत.

जैन वाचकांस यात फार परके काही वाटू नये. तत्त्वार्थसूत्रात स्वाध्यायाचे पाच भेद सांगितले आहेत, त्यांत वाचनेच्या पाठोपाठ पृच्छना येते आणि अनुप्रेक्षेला स्वतंत्र स्थान आहे. पेढीवरील जुने शिक्षणही असेच होते. नव्या मुलाला मुनीमजी रोजकीर्द कशी लिहावी यावर व्याख्यान देत नसत. तो लिहीत असे, मुनीमजी मागे उभे राहत आणि बेरीज चुकली की तेथल्या तेथे बोट ठेवीत.

असा पहिला पाठ घ्यावयाचा, तर आठवीतील चक्रवाढ व्याज हा चांगला विषय ठरतो. पहिल्याच वेळी संपूर्ण सत्र उलटे करण्याची हौस आवरावी. एकच तास पुरे. पुष्कळ शिक्षक तयारीची सुरुवात मोबाइलपुढे बसून चित्रणाने करतात, तेथेच गाडी चुकते. आधी ठरवावे ते वर्गात मुले काय करणार हे, आणि त्यासाठी घरून किती समजून आले पाहिजे एवढेच चित्रणात घ्यावे. येथे ते अगदी थोडे आहे. १०,००० रुपये मुद्दल, दर साल दर शेकडा १० व्याज. पहिल्या वर्षाअखेर ११,०००, दुसऱ्या वर्षाअखेर १२,१००, तिसऱ्या वर्षाअखेर १३,३१०. सरळव्याजाने १३,००० च झाले असते. हे ३१० रुपये आले कोठून, या प्रश्नाशी चित्रण थांबवावे. सूत्र सांगू नये, ते वर्गात मुलांकडून निघावे.

चित्रण पाच-सहा मिनिटांचे असावे. एडएक्स या संस्थळावरील अभ्यासक्रम पाहण्याच्या सुमारे ६९ लाख नोंदी तपासून २०१४ मध्ये संशोधकांनी दाखवून दिले, की सहा मिनिटांपलीकडे प्रेक्षकांचे लक्ष टिकत नाही. त्यात बहुतेक प्रौढ होते. मुलांकडून अधिक अपेक्षा कशी करावी?

खरी अडचण यंत्राची नसून घराची आहे. कित्येक घरांत फोन दिवसभर वडिलांबरोबर दुकानात असतो. चौविहार पाळणाऱ्या घरात मुलांचे जेवण सूर्यास्तापूर्वी आटोपते आणि अभ्यासाची निवांत वेळ तीच असते, पण फोन येतो रात्री. अशा मुलांसाठी तोच मजकूर दोन पानांवर छापून द्यावा, किंवा मधल्या सुट्टीत शाळेच्या संगणकावर पाहण्याची सोय करावी. पालकांस आधी एक पत्र धाडणेही अगत्याचे आहे. अन्यथा “फी भरूनही बाई शिकवीत नाहीत, मोबाइल पाहायला सांगतात,” ही तक्रार दुसऱ्याच दिवशी मुख्याध्यापकांच्या टेबलावर येते, आणि पत्र न मिळालेल्या पालकांच्या दृष्टीने ती रास्तही असते.

वर्गात पहिली पाच मिनिटे प्रत्येकाने चिठ्ठीवर त्या ३१० रुपयांचे उत्तर लिहावे. कोण पाहून आले, कोण नाही, हे त्यातून कळते. न पाहिलेल्यांसाठी सारे पुन्हा समजावण्याचा मोह येथे अनावर होतो. तो टाळलाच पाहिजे. नाहीतर पाहून आलेल्यांना कळून चुकते, की पाहिले नसते तरी चालले असते, आणि पुढच्या वेळी कोणीच पाहत नाही. न पाहिलेल्यांनी मागच्या बाकावर बसून आधी ते पाहावे किंवा वाचावे आणि मग गटात यावे. दंड नको, सर्वांसमक्ष बोलणे नको.

मग चौघाचौघांच्या गटांना पेढीवरचा प्रश्न द्यावा. एक लाख रुपये, ‘शेकडा दोन’ म्हणजे दरमहा दोन टक्के. वर्षाचे व्याज किती? व्यापाऱ्यांची मुले तात्काळ २४,००० म्हणतील आणि सरळव्याजाने ते बरोबरच आहे. पण दरमहाचे थकलेले व्याज मुद्दलात मिळवत गेले, तर ते सुमारे २६,८२४ होते. हा २,८२४ रुपयांचा फरक महिन्यामहिन्याने मांडताना निम्मे गट तिसऱ्या-चौथ्या महिन्यात चुकतील. कोणी दोन टक्के पुन्हा मूळ लाखावरच काढील. त्याच क्षणी बाई त्या बाकाशी असाव्यात. एरवी ही चूक रात्री नऊ वाजता घडली असती.

उत्तर आपल्या ओळखीच्या व्यवहाराचे निघाल्यावर एखादा मुलगा नक्की विचारील, की घेणाऱ्याला हे आधी सांगितलेले असते का. गणिताच्या तासात हा प्रश्न अवांतर म्हणून बाजूला सारू नये. त्यासाठी पाच मिनिटे आधीच राखून ठेवावीत.

तास संपताना पुन्हा एक चिठ्ठी घ्यावी : अजून काय उमगले नाही? त्या चिठ्ठ्या त्याच संध्याकाळी वाचून दुसऱ्या दिवशीचा तास ठरवावा, आणि तो नेहमीच्या पद्धतीने फळ्यावर घ्यावा लागला तरी बिघडत नाही.