धाब्यावरचे ऊन घरात

समुद्रसपाटीपासून सुमारे ३,५०० मीटर उंचीवरील लेह येथे ऐन हिवाळ्यात रात्रीचा पारा शून्याखाली पंधरा-वीस अंशांपर्यंत उतरतो. दिवसा मात्र आकाश बहुधा निरभ्र असते. धाब्याच्या छपरावर लख्ख ऊन पसरलेले, आणि त्याच छपराखाली घरची मंडळी बुखारीभोवती, म्हणजे लोखंडी शेगडीभोवती, अंग शेकीत बसलेली! लाकूडफाटा त्या उजाड प्रदेशात दुर्मिळ. कोंडलेला धूर तर मुलांच्या व वृद्धांच्या छातीस बाधणारा. वरचे फुकटचे ऊन खाली आणता येणार नाही काय?

ऊन पकडणे अवघड नाही. लाकडी चौकटीत काळा रंग दिलेला पत्रा, त्यावर काच आणि पाठीमागे उष्णता रोखणारा थर, एवढ्याने सौरपेटी तयार होते. ही पेटी खोलीच्या पातळीखाली बसविली, तर तापून हलकी झालेली हवा आपोआप वर खोलीत शिरते. छपरावरील पेटीतून तिला खाली आणावयाचे, तर पंखा हवाच. ही कल्पना नवी नव्हे. १९४८ साली अमेरिकेतील डोव्हर गावी डॉ. मारिया टेल्केस ह्यांच्या योजनेनुसार उभारलेल्या सौरगृहातही तापलेली हवा पंख्यांनीच खेळविली जात असे.

पंख्याचा वेग ठरविताना मात्र अनेकांची फसगत होते. नळीच्या तोंडाशी हात धरावा, चटका बसला की समाधान मानावे! वस्तुतः हवा फार सावकाश वाहिली, की पेटी अतिशय तापते व पुष्कळशी उष्णता काचेवाटे बाहेर निसटते. थोड्या कढत हवेपेक्षा पुष्कळ उबदार हवा घराला अधिक उष्णता देते. अर्थात वेग फार वाढविल्यास अंगावर गार झोत येतो. खोलीतील हवा पेटीतून जाताना सुमारे २० अंशांनी तापावी, हा मध्यममार्ग बरा.

एक चौरस मीटर पेटीतून ४०० वॅट उष्णता मिळते असे धरल्यास, समुद्रकाठी त्यासाठी मिनिटास सुमारे एक घनमीटर हवा पुरेल. लेहची हवा विरळ; तिचे वजन समुद्रकाठच्या हवेच्या जेमतेम दोन-तृतीयांश. म्हणून तेथे दीड घनमीटर हवा खेळवावी लागेल. मैदानी प्रदेशातील मापाने घेतलेला पंखा डोंगरात तोकडा पडतो, तो ह्यामुळे.

पंखा ऊन असेतोच चालावा. तो लहानशा सौर पॅनेलला थेट जोडला, तर सूर्याबरोबर जागतो आणि सूर्याबरोबर झोपतो. परंतु रात्री पेटीतील गार, जड हवा नळीवाटे खाली उतरू लागते. म्हणून नळीला झडप अवश्य बसवावी. पंखा बंद पडल्यास भर उन्हात पेटी अतोनात तापते, तेव्हा आत थर्मोकोल वापरू नये. शिवाय ज्या खोलीतून हवा घ्यावी तिच्यातच ती परत सोडावी. नुसती ओढून घेतल्यास बुखारीचा विषारी वायू धुराड्यातून उलटा घरात येण्याचे भय असते.

पंखा उष्णता निर्माण करीत नाही. तो केवळ तिचा भारवाही आहे. आणलेली ऊब राखावयाची ती जाड भिंतींनी आणि फटी बुजविलेल्या खिडक्यांनी. बुखारी त्यामुळे कायमची विझणार नाही. पण सायंकाळी ती थोडी उशिरा पेटली, तरी तेवढे सरपण वाचले आणि तेवढा धूर टळला.