वसुली एकाची, वाटणी सगळ्यांची

समजा, दिग्रसच्या एका शेतकऱ्याने कापूस विकला. व्यापारी म्हणाला, पंधरा दिवसांनी चुकारा देतो. आणि मधेच शेतकरी गेला. येणं दोन लाख चाळीस हजार. तेरवी होते न होते तोच घरात कुजबुज सुरू होते, की पैसे आणायला कोण जाणार? जो आणेल त्याचेच ते, असं आणणाराही धरून चालतो आणि बाकीचेही.

गैरसमज : थोरला मुलगा कर्ता, म्हणून पैसे त्याचे.
वस्तुस्थिती : मृत्युपत्र नसेल, तर स्वकष्टाच्या पैशाला १९५६ चा हिंदू वारसा कायदा लागतो. मागे पत्नी, एक मुलगा, एक मुलगी आणि आई असेल, तर प्रत्येकी साठ हजार. लग्न होऊन पुसदला गेलेली मुलगीही त्यात आली. आणि म्हातारी आई. हिशेबातून हमखास गळते ती हीच. शेती वडिलोपार्जित असेल तर वाट्यांचं गणित बदलतं, ते वकिलाकडून करून घ्यावं.

गैरसमज : नॉमिनी म्हणजे मालक.
वस्तुस्थिती : नॉमिनीला पैसे दिले की बँक मोकळी होते, वारस नव्हे. 'कालनिर्णय'चे जयंत साळगांवकर २०१३ मध्ये गेले. त्यांच्या गुंतवणुकीवरून कुटुंबात उभा राहिलेला वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला. १४ डिसेंबर २०२३ च्या निकालात न्यायालयाने सांगितलं, की नॉमिनेशनमुळे शेअर्सची मालकी मिळत नाही. घरात मृत्युपत्र होतं, सल्लागार असणार, तरी दहा वर्षं गेली! आयुर्विम्याचं मात्र वेगळं आहे. आई-वडील, पती-पत्नी किंवा मुलं नॉमिनी असतील, तर २०१५ च्या दुरुस्तीने त्यांना लाभाचा हक्क दिला आहे.

गैरसमज : तलाठ्याकडे फेरफार झाला, आता व्यापाऱ्यावर दावा ठोकता येतो.
वस्तुस्थिती : फेरफार जमिनीच्या नोंदीपुरता. व्यापाऱ्याने राजीखुशीने पैसे दिले तर प्रश्नच नाही. नाही दिले, तर न्यायालयातून उत्तराधिकार प्रमाणपत्र काढावं लागतं; ते हजर केल्याशिवाय अशा येण्याचा हुकूमनामा मिळत नाही. प्रमाणपत्रधारकाला प्रामाणिकपणे पैसे दिले की व्यापारी सुटला. पण ज्याच्या नावे प्रमाणपत्र, तो फक्त वसूल करणारा. बाकीच्यांचे वाटे त्याला द्यावेच लागतात. भावाच्या नावाने अर्ज झाला की बहीण हरकत घेते, ती बहुतेकदा हे कोणी तिला सांगितलेलं नसतं म्हणून.

उलट, बापाने कोणाचं देणं ठेवलं असेल तर? वारसाच्या हाती जेवढी मिळकत आली, तेवढ्यापुरतीच त्याची जबाबदारी. स्वतःच्या पगारातून भरायची नाही.

आता सगळ्यात महागात पडणारी समजूत : आधी आपसात मिटवू, मग व्यापाऱ्याकडे जाऊ. चुकारा ज्या दिवशी द्यायचा ठरला, तिथून दाव्याला तीन वर्षांची मुदत. घरातलं भांडण चालू आहे म्हणून ती थांबत नाही. त्या आत व्यापाऱ्याकडून सहीनिशी लेखी कबुली घेतली, तर सहीच्या तारखेपासून मुदत नव्याने मोजतात. नुसतं 'देतो ना भाऊ' म्हटल्याने ती वाढत नाही.