गटार कोणाचें?

मुलुंडच्या गृहस्थाच्या दारापुढील गटार तुंबलें कीं तो प्रथम महापौरांच्या नांवानें ओरडतो. हा बिचाऱ्या महापौरांवर अन्याय होय! त्यांच्याकडे सभेचें अध्यक्षपद आहे, कारभार नाहीं. १८८८ च्या कायद्यानें अंमलबजावणीची सत्ता आयुक्तांस दिली असून आयुक्तांची नेमणूक राज्य सरकार करतें. खर्चास मंजुरी सभेची, खर्चणारा हात आयुक्तांचा. अमेरिकेंत, न्यूयॉर्क शहरीं, निराळा प्रकार: तेथें महापौर थेट लोकांनीं निवडलेला असतो व बहुतेक खात्यांचे प्रमुख तोच नेमतो, राज्याचा गव्हर्नर नव्हे. जमीन-महसुलाचें काम असल्यास महापालिकेचा संबंधच नाहीं. त्यासाठीं कुर्ल्याचे तहसीलदार व त्यांच्यावर वांद्र्याचे जिल्हाधिकारी. गटारासाठीं मात्र टी विभागाच्या सहायक आयुक्तांकडे अर्ज द्यावा आणि एक प्रत नगरसेवकाच्या हातीं ठेवावी. सभेंत प्रश्न विचारण्याचा अधिकार त्याचा आहे.