लॉगिनची नोंद म्हणजे लॉगिन नव्हे

बालाघाटच्या डोंगरात, बीड जिल्ह्यातल्या मांजरसुंब्याजवळ कपिलधार आहे. कार्तिकी पौर्णिमेला तिथे मन्मथस्वामींच्या दर्शनाला दिंड्या येतात. दिंडीच्या गाडीत शिधा, भांडी, शेगडी असं सगळं बरोबर असतं, त्यामुळे मुक्काम कुठेही पडला तरी स्वयंपाक अडत नाही. कंटेनर इमेजचंही तसंच आहे. प्रोग्रॅम आणि त्याला लागणाऱ्या सगळ्या फाइल्स एका गठ्ठ्यात बांधल्या, की बीडमधल्या लॅपटॉपवर चालतं तेच मुंबईच्या सर्व्हरवरही चालतं. सॉलोमन हाइक्स यांनी मार्च २०१३ मध्ये अमेरिकेतल्या पायकॉन परिषदेत पाचेक मिनिटांत असे गठ्ठे बांधणारं डॉकर हे साधन दाखवलं आणि ही पद्धत जगभर पसरली. असे गठ्ठे जिथे साठवतात, ती रजिस्ट्री.

समजा, दिवाळीला गावी आलेली एक इंजिनिअर यात्रेपर्यंत घरूनच काम करते आहे. ती कंपनीची इमेज ओढायला जाते आणि स्क्रीनवर उत्तर येतं: प्रवेश नाकारला, ही रिपॉझिटरी (रजिस्ट्रीतला इमेजचा कप्पा) अस्तित्वात नाही किंवा लॉगिन करावं लागेल. दोन्ही शक्यता एकाच वाक्यात! हे मुद्दाम केलेलं असतं, कारण खासगी इमेज आहे की नाही, एवढंही परक्याला कळता कामा नये. मग पहिला प्रश्न उरतो: आपण लॉगिन आहोत का?

बहुतेक जण घरच्या फोल्डरमधली डॉकरची कॉन्फिग फाइल उघडतात. तिथे रजिस्ट्रीचं नाव दिसलं की निश्चिंत होतात. पण ती फक्त पूर्वी कधीतरी लॉगिन झाल्याची नोंद असते. डॉकरसारख्याच पॉडमॅन या साधनात ‘गेट-लॉगिन’ हा पर्याय वापरला की वापरकर्त्याचं नाव छापून येतं, तेही साठवलेल्या नोंदीतूनच. अ‍ॅमेझॉनच्या रजिस्ट्रीचं टोकन, म्हणजे पासवर्डऐवजी दाखवायची तात्पुरती ओळख, १२ तासांत संपतं, मायक्रोसॉफ्टच्या अझ्युअरचं साधारण ३ तासांत. सकाळी केलेलं लॉगिन रात्री निरुपयोगी झालेलं असतं, फाइलमधली ओळ मात्र जशीच्या तशी असते.

सार्वजनिक इमेज ओढून पाहणं हाही पुरावा नाही, कारण ती लॉगिन नसतानाही मिळते.

खरं उत्तर रजिस्ट्रीच देऊ शकते. तिच्या ‘व्ही-२’ या पत्त्यावर ओळख न देता विनंती पाठवली, की साधारणपणे ४०१ हा आकडा परत येतो आणि टोकन कुठून आणायचं तेही सांगितलं जातं. तिथे नाव आणि पासवर्ड दिल्यावर मिळणारं टोकन अल्पायुषी असतं. डॉकर हब या डॉकरच्या रजिस्ट्रीचं जेमतेम ३०० सेकंदांचं. ते जोडून तीच विनंती पुन्हा केली आणि २०० आलं, तर ओळख पटली. नुसतं ‘डॉकर लॉगिन’ पुन्हा चालवलं, तरी साठवलेली ओळख रजिस्ट्रीकडे तपासली जाते. घाईच्या वेळी मी हाच मार्ग सुचवेन. मात्र ओळख पटली म्हणजे प्रत्येक इमेजची परवानगी मिळाली असं नाही. ती रिपॉझिटरीगणिक वेगळी असते.

आता त्या फाइलकडे जरा नीट पाहा. पासवर्ड ठेवणारा वेगळा प्रोग्रॅम जोडलेला नसेल, तर तिथे अगम्य अक्षरांची एक ओळ दिसते. ती कुलूपबंद वाटते, पण ते फक्त बेस-६४ मधलं रूपांतर असतं. एका साध्या कमांडने नाव आणि पासवर्ड उघडे पडतात. एप्रिल २०१९ मध्ये डॉकर हबच्या एका डेटाबेसमध्ये घुसखोरी झाली आणि सुमारे १ लाख ९० हजार खात्यांची माहिती उघडी पडली. पण चोराला दर वेळी इतकं मोठं दार फोडावं लागत नाही. कॉलेजच्या लॅबमधली अशी एक फाइलही त्याला पुरते.

म्हणून सामायिक संगणकावर काम संपलं की ‘डॉकर लॉगआउट’ कराच. त्याने फक्त त्या संगणकावरची नोंद पुसली जाते. पासवर्ड किंवा टोकन कुणाच्या हाती लागल्याची शंका असेल, तर रजिस्ट्रीच्या खात्यात जाऊन पासवर्ड बदला, टोकन रद्द करा.