पोत्याचा भाव, ताटकळण्याचा नाही

पहाटे साडेपाच. मे महिना. नागपूरच्या कळमना मार्केटमध्ये हरभऱ्याचा ट्रक लागलाय. डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला हमाल फाळक्यापाशी पाठ वाकवतो आणि वरचे दोघे त्याच्या पाठीवर ५० किलोचं पोतं ठेवतात. त्या क्षणी मज्जातंतूंच्या टोकांतून अॅसिटिलकोलीन झरतं, मांडीच्या स्नायुतंतूंवर विद्युतलहर धावते, आतल्या साठ्यातून कॅल्शियम सुटतं आणि ट्रोपोनिन या प्रथिनाला चिकटतं. त्यासरशी अॅक्टिनवरचा आडोसा सरकतो आणि मायोसिनची डोकी अॅक्टिनला धरून ओढतात. एका ओढीला साधारण १० नॅनोमीटर. अॅक्टिन-मायोसिनचे हे धागे स्वतः आखूड होत नाहीत, एकमेकांवरून सरकतात. १९५४ साली ‘नेचर’च्या एकाच अंकात दोन हक्सलींनी, अँड्र्यू आणि ह्यू यांनी, आपापल्या सहकाऱ्यांसह हे मांडलं. दोघांचं आपसात नातं मात्र काहीच नव्हतं.

सात. खेपांमागून खेपा. मायोसिनची पकड सुटायला एटीपीचा, म्हणजे ऊर्जा पुरवणाऱ्या पदार्थाचा, नवा रेणू लागतो. मेल्यावर देह आखडतो तो त्यामुळेच: एटीपी संपतं आणि धरलेलं सुटत नाही. जिवंत स्नायूतला तयार साठा जोराच्या कामात दोन-तीन सेकंदांचाच. पुढे क्रिएटिन फॉस्फेट आणखी काही सेकंद निभावतं. नंतरची सगळी भिस्त साखर, चरबी आणि श्वासावर.

साडेआठ. टपरीवर तर्री-पोहे. इथून दुसऱ्या स्नायूंची पाळी. जठर, आतडी, रक्तवाहिन्या, मूत्राशय यांच्या भिंती मृदू स्नायूंच्या. यांना पट्टे नाहीत, ट्रोपोनिनही नाही. कॅल्शियम इथे कॅलमोड्युलिनला भेटतं, मग एक विकर जागं होतं, ते मायोसिनवर फॉस्फेट बसवतं, तेव्हा कुठे ओढ सुरू होते. सरकारी फाइलीलाही लाजवील असा प्रवास! म्हणून हाता-पायाचा अस्थिस्नायू एका झटक्याला सेकंदाचा दहावा भाग घेतो, तर मृदू स्नायूला एक ते तीन सेकंद सहज लागतात. जठरात मिनिटाला तीन लाटा, लहान आतड्याच्या सुरुवातीला बारा. तर्री कितीही झणझणीत असो, पोहे या चालीनेच पुढे जायचे.

साडेदहा. गोदामाच्या तोंडाशी गाडी आडवी लागलीय. पाठीवर पोतं घेऊन हमाल उभाच. पोतं इंचभर हललेलं नाही, म्हणजे भौतिकशास्त्राच्या हिशेबात काम शून्य. स्नायूच्या हिशेबात मात्र मायोसिनची डोकी सतत धरताहेत, सुटताहेत, पुन्हा धरताहेत आणि दर वेळी एटीपी जळतंय. शिवाय ताणलेला स्नायू आपल्याच रक्तवाहिन्या दाबतो. त्यामुळे चालण्यापेक्षा असं उभं राहणंच लवकर दमवतं. मृदू स्नायू या बाबतीत मोठे हुशार. पकडलेल्या अवस्थेतच मायोसिनवरचं फॉस्फेट निघालं, की डोकी फार सावकाश सुटतात आणि ताण जवळजवळ फुकट टिकतो. तेवढाच ताण धरायला त्यांना अस्थिस्नायूंच्या दहाव्यापासून तीनशेव्या भागापर्यंतच ऊर्जा पुरते. हमालाच्या मांडीला मात्र ही सवलत नाही. १९६९च्या माथाडी कायद्याने हमालांना भविष्यनिर्वाह निधीसारखे हक्क दिले, हे मोलाचंच. पण हमालीचा दर पोत्यामागे ठरतो, ताटकळण्यामागे नाही. शरीरशास्त्राला विचारलं, तर हा हिशेब खोटा आहे.

दीड. “लय गरम होऊन रायलं, भौ.” पारा ४५च्या आसपास. स्नायूंनी जाळलेल्या ऊर्जेतली फार तर चौथाई कामी येते, बाकीची उष्णता. ती बाहेर टाकायची तर त्वचेच्या रक्तवाहिन्यांचे मृदू स्नायू सैल पडायला हवेत. तिकडे मांडीतल्या वाहिन्याही सैलच, कारण तिथे प्राणवायू हवा. एकाच हृदयाने दोन्हीकडे पुरवायचं, म्हणून आतड्यांकडच्या वाहिन्या आवळल्या जातात. भरल्या पोटी ओझं उचललं की मळमळतं, त्यामागे हेही एक कारण. बाहेरची हवा अंगापेक्षा गरम असताना उष्णता घालवायचा मार्ग एकच, घाम वाळणं. विदर्भाच्या कोरड्या हवेत तो भराभर वाळतो, घरोघरच्या कूलरच्या ताट्यांसारखा. पण ताट्यांनाही पाणी घालावंच लागतं.

चार. पोटरीत गोळा. पाण्या-मिठाची कमतरता, की थकलेल्या स्नायूकडे जाणाऱ्या मज्जातंतूंचा सुटलेला ताळ, यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. सोबती अंगठा धरून पाऊल वर ओढतो, पोटरी ताणली जाते आणि गोळा सुटतो. उपाय मात्र वादातीत.

साडेनऊ. जेवण, अंथरूण. स्वप्नांच्या झोपेत हातापायांचे स्नायू पार ढिले पडतात. डोळे हलवणारे आणि श्वासपटल तेवढे चालू. जठर रिकामं झालं, की साधारण दर दीड तासाने एक लाट उरलंसुरलं झाडत लहान आतड्याच्या टोकापर्यंत जाते.

पहाटे चार. मूत्राशय तासन्‌तास गुपचूप ताणला गेलाय. आता त्याचा मृदू स्नायू आवळू लागतो. बाहेरचं दार मात्र अस्थिस्नायूचं, मालकाच्या हुकमातलं. हमाल कूस बदलतो, ते दार आणखी पाच मिनिटं लावून धरतो आणि शेवटी उठतोच.