दोषाचा माग

मळ्यातील पाटाला पाणी येईनासे झाले, म्हणजे जाणता शेतकरी सुकत्या पिकापाशी हळहळत उभा राहत नाही. तो कुदळ खांद्यावर टाकतो आणि पाटाच्या कडेने विहिरीकडे चालू लागतो. कोठे बांध फुटला, कोठे गाळ साचला, हे तो पाहत जातो, आणि पाणी जेथे अडले असेल तेथेच कुदळ घालतो. यंत्रातील दोष शोधण्याची रीतही याहून निराळी नाही.

हल्ली पुष्कळ घरांत चित्रपट, गाणी आणि घरगुती समारंभांच्या चित्रफिती एकाच संगणकात साठवून ठेवतात. घरातील टीव्ही किंवा फोन मागेल ती फीत त्या संगणकाने पुरवावी, यासाठी त्यावर जो प्रोग्रॅम चालवितात, त्यास ‘मीडिया सर्व्हर’ असे म्हणतात. जेलीफिन हा अशा प्रोग्रॅमांपैकी एक होय. एम्बी नावाच्या प्रोग्रॅमच्या कर्त्यांनी आपले पुढील काम सर्वांस खुले ठेवणे थांबविले, तेव्हा २०१८ च्या डिसेंबरात काही स्वयंसेवकांनी त्याच्या आधीच्या खुल्या आवृत्तीवरून जेलीफिन उभारला. तो कोणासही विनामूल्य वापरता येतो.

या व्यवस्थेत फितीचा प्रवास चार टप्प्यांनी होतो. ती डिस्कवर साठविलेली असते. सर्व्हर ती वाचतो. राउटर ती तारेतून अथवा वाय-फायने पुढे धाडतो. आणि टीव्ही ती दाखवितो. दोष दिसतो तो नेहमी शेवटच्या टप्प्यावर, म्हणजे पडद्यावर. परंतु दिसतो तेथेच तो असतो, असे मात्र नाही.

समजा, एका घरी दिवाळीला सारी मंडळी जमली आहेत. जात्यावर ओव्या म्हणणाऱ्या आजीची एक जुनी चित्रफीत त्या घरी आहे. आजी आता हयात नाही; तिचा आवाज काय तो त्या एका फितीतच उरला आहे. फीत लावली, पण पडद्यावर नुसते चक्र फिरत राहिले आणि शेवटी चूक झाल्याची सूचना उमटली. काका उतावीळपणे म्हणाले, ‘‘सगळे पुसून टाका आणि सर्व्हर नव्याने बसवा!’’ तेव्हा त्यांची थोरली पुतणी म्हणाली, ‘‘काका, जरा थांबा. आधी आजीची फीत दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेऊ. मग काय बिघडले आहे ते पाहू.’’

प्रत काढून झाल्यावर तिने ती फीत सर्व्हरवाचून, त्याच संगणकावर उघडून पाहिली. ती नीट चालली. म्हणजे विहिरीत पाणी होते. मग तिने टीव्हीवर दुसरा एक चित्रपट लावला. तोही चालला. म्हणजे राउटर आणि टीव्ही ठीक होते. मग हीच फीत का अडावी?

चित्रफिती साठविण्याच्या रीती अनेक आहेत. २००३ साली ठरलेली एच.२६४ ही रीत बहुतेक टीव्हींना समजते. तिच्या आधीच्या कित्येक रीती त्यांना समजत नाहीत. अशा वेळी सर्व्हर दुभाष्याचे काम करतो. २००० साली फाब्रिस बेलार या फ्रेंच संगणकतज्ज्ञाने सुरू केलेल्या एफएफएमपेग या साधनाकडून तो फितीचे रूपांतर करवून घेतो, त्याचे तुकडे डिस्कवर तात्पुरते ठेवतो आणि तेथून पुढे पाठवितो. दुसऱ्या चित्रपटाला दुभाष्याची गरज नव्हती. आजीच्या फितीला होती. तेव्हा दोष या रूपांतरातच कोठेतरी असला पाहिजे.

सर्व्हर आपल्या कामाची नोंद एका फाइलीत करीत असतो. तिला ‘लॉग’ म्हणतात. मुलीने त्या वेळची नोंद उघडली. डिस्कवर जागा शिल्लक नाही, असे तीत स्पष्ट लिहिले होते! तात्पुरते तुकडे ठेवण्याची डिस्क काठोकाठ भरली होती. त्या डिस्कवरील निरुपयोगी फाइली काढताच घरभर ओव्या ऐकू येऊ लागल्या. उतावीळपणे सारे पुसले असते, तर निर्दोष सर्व्हर विनाकारण गेला असता, आणि एखादे वेळी त्याबरोबर आजीचा आवाजही.

इतर दोषही याच रीतीने सापडतात. चित्रपट यादीतच आला नाही, तर ते फोल्डर वाचण्याची परवानगी सर्व्हरला आहे की नाही, हे पाहावे. यादीत आला, पण भलतीच माहिती दाखवू लागला, तर फाइलीचे नाव तपासावे. ‘श्यामची आई’ या नावाचे चित्रपट १९५३ व २०२३ अशा दोन्ही साली निघाले. नावापुढे कंसात साल लिहिले, म्हणजे सर्व्हरचा गोंधळ होत नाही. चित्र थांबत थांबत चालत असेल, तर टीव्ही तारेने राउटरला जोडून पाहावा. चित्र सुरळीत झाले, तर दोष वाय-फायचा समजावा. मराठी उपशीर्षकांच्या जागी नुसते चौकोन दिसले, तर देवनागरी अक्षरांचा फाँट नाही, असे जाणावे.

मात्र एका वेळी एकच गोष्ट बदलावी, तिचा परिणाम पाहावा आणि तो टिपून ठेवावा. चार गोष्टी एकदम बदलल्या, तर दोष गेला तरी तो कशाने गेला हे कळत नाही. आणि जो कशाने गेला हे कळले नाही, तो परत आला म्हणजे पुन्हा तितकेच कष्ट पडतात. जाणत्या शेतकऱ्याची कुदळही एका वेळी एकाच ठिकाणी पडते. परंतु ती पडण्यापूर्वी त्याने सारा पाट डोळ्यांखालून घातलेला असतो.