एलियन ओझरला उतरले तर?

रविवारची सकाळ. गँगसोबत मिसळ खायला निघालात. गंगापूर रोडवर नेहमीचीच गर्दी, एकजण नेहमीसारखा उशिरा, आणि तेवढ्यात धरणाच्या बाजूला आभाळात काहीतरी भलंमोठं, काळंकुट्ट येऊन थांबतं. आवाज नाही. मोबाइलची रेंज गायब. दहा मिनिटांनी ओझरच्या दिशेने धूर दिसायला लागतो.

हसू आलं ना? तेच यान न्यूयॉर्कवर थांबलं असतं तर तुम्ही हसला नसता, पॉपकॉर्न धरून बसला असता. 'इंडिपेंडन्स डे' १९९६ मध्ये आला, तेव्हा तुमच्यातले बहुतेक जण जन्मलेही नव्हते, तरी तो प्रत्येकाने टीव्हीवर तुकड्या-तुकड्यांत पाहिलेला असतोच. त्यामुळे जग वाचवायचं काम अमेरिकेचं, हे डोक्यात पक्कं बसलंय. कॉलेजात एकांकिकेचा विषय शोधायची वेळ आली की कुणीतरी एलियन सुचवतो आणि बाकीचे त्याला गप्प बसवतात. "भावा, आपल्याकडे कशाला येतील ते?"

का नाही येणार? जरा नकाशा उघडा. ओझरला एचएएलचा कारखाना, जिथे आधी मिग बनली आणि मग सुखोई-३०. देवळालीला तोफखान्याचं स्कूल ऑफ आर्टिलरी, जिथल्या 'तोपची' प्रात्यक्षिकाचे फोटो दरवर्षी पेपरात येतात. गांधीनगरच्या धावपट्टीवर लष्कराच्या हेलिकॉप्टरचे पायलट तयार होतात. नाशिकरोडला नोटा छापतात. आणि कसारा घाट उतरला की पुढे मुंबई. मी एलियनांचा सेनापती असतो तर व्हाइट हाऊसचा नाद सोडून आधी हेच शहर घेतलं असतं. लपायला पांडवलेणी आहेत, आणि लढायला शिकवणारा एक जुना मास्तर दिंडोरीच्या वाटेवर उभा आहे, रामशेज. १६८२ मध्ये औरंगजेबाच्या फौजेने त्याला वेढा घातला आणि मूठभर शिबंदीने तो कित्येक वर्षं झुंजवत ठेवला. किल्ल्यावर तोफा नव्हत्या, म्हणून लाकडाच्या तोफांवर कातडं चढवून मारा केला, असं सांगतात. बजेट नसलेल्या एकांकिकेवाल्यांना हे लगेच कळेल.

तर जागा मिळाली. आता गोष्ट. आणि इथेच बहुतेक जण गाडी चुकीच्या रस्त्याला घालतात.

नेहमीचा फॉर्म्युला सगळ्यांना पाठ आहे. एलियन येतात, एक देश गिळतात, बाकीचे देश भांडणं विसरून एकत्र येतात, मोठी मोहीम निघते, शेवटी झेंडा फडकतो. या प्रकाराचा मूळपुरुष म्हणजे एच. जी. वेल्स यांची 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्स'. ती पुस्तकरूपाने १८९८ साली आली. मंगळावरचे लोक इंग्लंडवर उतरतात आणि तोफांना भीक न घालता सगळं भाजून काढतात. वाचवायला कुठलीही दोस्त फौज येत नाही. मंगळवाले शेवटी मरतात ते साध्या रोगजंतूंनी. पण खरी गंमत पहिल्याच प्रकरणात आहे. वेल्स तिथे वाचकाला सांगतात की मंगळवाल्यांना शिव्या देण्याआधी आपण टास्मानियाच्या मूळ रहिवाशांचं काय केलं ते आठवा. म्हणजे जगभर परके होऊन राज्य करणाऱ्या इंग्रजांना त्यांनी चार दिवस उलट्या बाजूला उभं केलं. ही गोष्ट तिकडे मासिकात क्रमशः येत होती ते साल १८९७. त्याच साली पुण्यात प्लेगच्या नावाखाली घरात घुसणाऱ्या गोऱ्या शिपायांनी लोक हैराण झाले होते आणि चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या. बारा वर्षांनी नाशिकच्या विजयानंद थिएटरात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनला गोळ्या घातल्या. परकी सत्ता म्हणजे काय, हे समजून घ्यायला आपल्याला मंगळापर्यंत जायची गरज कधीच नव्हती.

मग मराठीत कुणी लिहिलंच नाही का? लिहिलं की. २०२१ च्या डिसेंबरात ९४ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन आपल्याच आडगावला भरलं होतं. अध्यक्ष होते डॉ. जयंत नारळीकर. विज्ञानकथा लिहिणारा माणूस मराठीतल्या सर्वांत मानाच्या खुर्चीसाठी निवडला गेला, आणि तब्येतीमुळे त्यांना नाशिकला येताच आलं नाही. मे २०२५ मध्ये ते गेले. त्यांची सुरुवात तुम्हाला आवडेल अशी आहे. मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेला त्यांनी १९७४ मध्ये 'कृष्णविवर' ही गोष्ट पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने. आद्याक्षरं उलटी करून बघा. आपलं नाव बघून परीक्षक भुलायला नकोत म्हणून हा खटाटोप. पहिलं बक्षीस मिळालं. टोपणनावाने इन्स्टावर कविता टाकणाऱ्यांनी मान ताठ ठेवायला हरकत नाही.

आपल्या विषयाच्या जवळ जाणारी त्यांची गोष्ट म्हणजे 'धूमकेतू'. तिच्यात एलियन नाहीत, पण आभाळातून येणारं संकट आहे आणि जगाची आघाडीही आहे. दत्तादा नावाचा हौशी बंगाली माणूस रात्र-रात्र दुर्बिणीला डोळा लावून एक धूमकेतू शोधतो, आणि मग कळतं की तो पृथ्वीवर आदळणार आहे. लंडनमध्ये गुपचूप शास्त्रज्ञांची बैठक भरते, अणुस्फोटाने धूमकेतूची वाट बदलायचं ठरतं आणि ते जमतं. दत्तादा घरी येतो तर काय, बायकोने शांतीसाठी यज्ञ केलेला आणि तिच्या मते संकट टळलं ते त्याच्यामुळे. खरं सांगायचं तर नारळीकरांची पात्रं कधीकधी वर्गात उभी असल्यासारखी बोलतात. पण हा शेवट बेरकी आहे. मोहीम फत्ते झाल्यावर श्रेय कुणाचं, हा प्रश्न ते घरातल्या ओट्यावर आणून ठेवतात.

आता तो शब्द. दोस्त राष्ट्रं. शाळेत दुसऱ्या महायुद्धाच्या धड्यात आपण तो पाठ केला आणि पेपर झाल्यावर विसरलो. आघाडीची फौज परक्यांच्या तावडीतून एखादा देश सोडवते, म्हणजे प्रत्यक्षात काय होतं? यासाठी कल्पनाशक्ती ताणायला नको. ते काम मराठी पोरांनी केलेलं आहे, इटलीत.

१० जुलै १९४४. नायक यशवंत घाडगे, वय २२, गाव रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्यातलं. तिसऱ्या बटालियनची, मराठा लाइट इन्फन्ट्रीची तुकडी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात जर्मन मशीनगनच्या माऱ्यात सापडली. त्यांच्या सेक्शनमधले सगळे एकतर ठार, नाहीतर जखमी. उरले एकटे यशवंत. ते सरळ त्या मशीनगनवर धावून गेले. ग्रेनेड टाकला, एकाला गोळी घातली. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, तेव्हा बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना दस्त्याने ठेचलं. ठाणं घेतलं, आणि दुसऱ्या बाजूने आलेल्या गोळीने ते तिथेच पडले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. इटलीतल्या कॅसिनो स्मारकावर त्यांचं नाव कोरलेलं आहे, आणि २०२३ मध्ये मोन्तोने गावाने त्यांच्या नावाने सूर्यघड्याळ उभारलं. पुढच्या एप्रिलात, ९ तारखेला, सेनिओ नदीवर शिपाई नामदेव जाधव. गाव निमज, आपल्या शेजारच्या तेव्हाच्या नगर जिल्ह्यातलं. दोन जखमी साथीदारांना खोल पाण्यातून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून त्यांनी एकामागून एक बाहेर काढलं, मग परत जाऊन तीन मशीनगन बंद पाडल्या, आणि बांधावर चढून मराठ्यांची युद्धगर्जना करत मागच्या तुकड्यांना पुढे बोलावलं. तेही व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी. इटलीच्या मोहिमेत सुमारे ५० हजार भारतीय सैनिक होते.

इथे एक मिनिट थांबा. यशवंत इटली सोडवायला लढत होते तेव्हा, म्हणजे १९४४ च्या जुलैत, नेहरू, पटेल, आझाद कुठे होते? अहमदनगरच्या किल्ल्यात, कैदेत. ज्यांनी त्यांना कोंडलं होतं त्याच सरकारचा युनिफॉर्म यशवंतांच्या अंगावर होता. दुसऱ्याचा देश सोडवणारा सैनिक स्वतःच्या देशात गुलाम. असलं पात्र हॉलिवूडच्या कुठल्या एलियनपटात पाहिल्याचं मला आठवत नाही, कारण ते त्यांच्या आजोबांच्या आठवणीत नाही. आपल्या आहे.

अजून पुढे जाऊ. युद्ध संपलं. जपान शरण आला आणि १७ ऑगस्ट १९४५ ला इंडोनेशियाने स्वातंत्र्य जाहीर केलं. ऑक्टोबरात सुराबाया बंदरावर दोस्तांची फौज उतरली, जपान्यांची शस्त्रं गोळा करायला. निदान सांगितलं तरी तसंच गेलं. त्या फौजेतले बहुसंख्य जवान भारतीय होते. पण त्यांच्यापाठोपाठ आपले जुने डच मालक परत येणार, हे तिथल्या पोरांनी ओळखलं. शहर पेटलं, ब्रिगेडियर मॅलबी मारले गेले, आणि १० नोव्हेंबरला सुरू झालेली लढाई कित्येक दिवस चालली. तो दिवस इंडोनेशिया आजही वीर दिन म्हणून पाळतो. काही भारतीय सैनिक तर सरळ पलीकडे जाऊन मिळाले. फौज तीच, युनिफॉर्म तोच. टायबरच्या काठावरच्या बाईला तो सोडवायला आलेला वाटला, आणि सुराबायाच्या गल्लीतल्या तुमच्या वयाच्या पोराला परका.

म्हणून एलियनवाली एकांकिका कराच, पण लढाईवर सगळा वेळ आणि सगळा स्मोक मशीनचा खर्च घालवू नका. लढाई सोपी असते. अवघड प्रश्न रिहर्सलला काढा. दोस्त फौजेचा सेनापती कोणत्या देशाचा? देवळालीची बॅटरी कुणाच्या हुकमाने तोफ डागणार? मदतीला आलेल्यांना ओझरचा कारखाना हवाय की नाशिककर? नाशिकचं एखादं पोरगं दुसऱ्याच देशात लढायला पाठवलंय आणि त्याच्या घरच्यांना इथे एलियनांनी डांबलंय, असं असेल तर ते बंदूक कुणाकडे वळवेल? भाषा प्रमाण ठेवायचीही सक्ती नाही. रणगाड्यासमोर उभं राहून पंचवटीतली आजी जे बोलेल, ते तिच्याच बोलीत येऊ द्या.

शेवटचा प्रवेश मला असा दिसतो. यान खाली आलंय. रामकुंडावर लोक नाचतायत. दोस्त फौजेचा कमांडर हार घालून घेतो, हसतो, आणि परिस्थिती पूर्ण निवळेपर्यंत आम्ही थोडे दिवस देवळालीतच मुक्काम करू, असं जाहीर करतो. टाळ्या पडतात. मिसळ खायला निघालेल्या त्या गँगमधला, नेहमी उशिरा येणारा, गर्दीतून हात वर करतो आणि विचारतो, "थोडे म्हणजे किती?"